ताशी पन्नासच्या वेगाला हात पुरतो म्हणे!

‘शाळेने तुमच्यापासून लपवलेली पाच सत्ये’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या सगळीकडे फिरत आहे. एरवी अशा मजकुराकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. परंतु तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोहोचला आणि त्यावर विसंबून तिने वर्षभराच्या मुलाला मांडीवर घेऊन गाडीत पुढे बसायला सुरुवात केली, तेव्हा गप्प राहणे शक्य झाले नाही. संदेशाचे म्हणणे असे: जड वस्तू हलक्या वस्तूच्या आधी पडते, म्हणून गॅलिलिओ खोटा, क्रिया आणि प्रतिक्रिया समान असत्या तर काहीच हलले नसते, म्हणून न्यूटन खोटा, सूर्याचा आवाज यंत्रांनी टिपला आहे, म्हणून ध्वनीला माध्यम लागते हे खोटे, वेग ताशी 50 किलोमीटरच्या आत असेल तर सीटबेल्ट नको, हाताने स्वतःला आणि मुलाला सावरता येते, आणि एवीतेवी विज्ञान म्हणजे ‘नुसती थिअरी’.

चौथा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे चार फक्त चुकीचे आहेत आणि हा जीव घेणारा आहे. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या आसपासून, खाली पडलेली वस्तू याच वेगाने जमिनीवर आदळते. गाडी समोरच्या भिंतीवर आदळून एक दशांश सेकंदात थांबली असे धरू. मूलही तिच्याबरोबरच थांबायला हवे असेल, तर त्याचा वेग तेवढ्याच वेळात शून्यावर आणावा लागेल. वस्तुमान 10 किलो, त्वरण सेकंदाच्या वर्गाला सुमारे 140 मीटर, म्हणून लागणारे बल 1,400 न्यूटन. सोप्या भाषेत सांगायचे तर, त्या क्षणी ते मूल धरून ठेवणे म्हणजे 140 किलोचे ओझे अचानक हातात झेलणे. तेही कोणी? जिचे स्वतःचे शरीर त्याच वेगाने पुढे फेकले जात आहे, त्या आईने. हाताला धोक्याची जाणीव होऊन स्नायू आवळले जाईपर्यंतच हा सगळा प्रकार संपलेला असतो.

जडत्वाचा नियम येथे शब्दशः लागू होतो. गाडी थांबते, आत बसलेला माणूस थांबत नाही. तो डॅशबोर्ड किंवा काच आडवी येईपर्यंत त्याच वेगाने जात राहतो आणि मग चार-पाच सेंटीमीटरांत थांबतो. पट्टा बांधलेला असेल तर गाडीचा पुढचा भाग चेपला जाताना माणूसही तिच्याबरोबर सुमारे 70 सेंटीमीटर अंतरात थांबतो. वेग तोच आणि थांबण्याचे अंतर चौदा पट, म्हणून सरासरी बल चौदा पट कमी. शिवाय ते कपाळावर न पडता छाती आणि कमरेच्या हाडांवर विभागले जाते. पट्ट्यामुळेही बरगड्या मोडतात, असे संदेशकर्ता म्हणतो. मोडतात कधी कधी, हे मान्य आहे. मोडलेली बरगडी जुळते, एवढेच त्यावर उत्तर.

गॅलिलिओबाबत संदेशात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना कबूल केले पाहिजे. पिसाच्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची गोष्ट त्याच्या चरित्रकार शिष्याने पुढे लिहिलेली आहे आणि इतिहासकारांना तिच्याविषयी रास्त शंका आहे. परंतु गॅलिलिओचे म्हणणे त्या मनोऱ्यावर कधीच उभे नव्हते. 1638 सालच्या ग्रंथात त्याने उतरत्या फळीवरून गोळा सोडून, वाहिलेल्या पाण्याच्या वजनावरून वेळ मोजल्याचे लिहिले आहे. त्यात अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत गेले. आता पीस दगडाच्या मागून का पडते? हवेमुळे. हे लपवलेले सत्य नसून पाठ्यपुस्तकातलेच वाक्य आहे, फक्त ते पुढे वाचावे लागते. हवा नसेल तर काय होते तेही पाहून झाले आहे: 2 ऑगस्ट 1971 रोजी अपोलो 15 मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून 1.32 किलोचा हातोडा आणि ससाण्याचे 30 ग्रॅमचे पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकाच वेळी खाली पोहोचले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे. संदेश लिहिणाऱ्याने ते मिनिटभर पाहिले असते, तर त्याचा एक परिच्छेद आणि आपला सर्वांचा वेळ वाचला असता.

क्रिया-प्रतिक्रियेचा मुद्दा शाळकरी गोंधळाचा आहे. ही दोन बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर लागतात, त्यामुळे ती एकमेकांना रद्द करूच शकत नाहीत.

सूर्याच्या ‘आवाजा’ची ध्वनिफीत खरी आहे, पण तो आवाज कोणीही अवकाशात ऐकलेला नाही. सूर्याचा पृष्ठभाग साधारण 5 मिनिटांना एक अशा आवर्तनाने वरखाली होतो. ती हालचाल प्रकाशावरून मोजतात आणि मग हजारो पटींनी वेगवान करून कानाला ऐकू येईल अशी करतात. मूळ वारंवारता सुमारे 3 मिलिहर्ट्झ, म्हणजे 0.003 हर्ट्झ आहे, आणि माणसाला 20 हर्ट्झच्या खाली ऐकू येत नाही. मधल्या निर्वात पोकळीतून येथवर पोहोचतो तो प्रकाश. ध्वनी सूर्याच्या आतच राहतो.

‘नुसती थिअरी’ या शेऱ्याबद्दल इतकेच, की वरचा 1,400 न्यूटनचा आकडा त्याच थिअरीतून आला आहे, आणि तो खोडायचा असेल तर मोजमाप दाखवावे लागेल, मथळा नव्हे.

हा हिशेब मी बहिणीला पाठवला. तिने एकच प्रश्न विचारला: मूल मागच्या सीटवर मांडीत घेतले तर? आकडा बदलत नाही. मूल तेवढ्याच वेगाने समोरच्या सीटच्या पाठीपर्यंत जाते. त्याला त्याच्या मापाचे, गाडीला घट्ट बांधलेले वेगळे आसन लागते.