नळाच्या तारखा

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पावसाळ्यात एकच व्हिडिओ फिरतो. धुराचं मशीन फटफटत गल्लीतून चाललंय, मागे पोरं पळतायत आणि खाली कुणीतरी विचारलंय, ‘आपल्या वॉर्डात कधी?’ यंदा चुलतभावाने त्यात मलाही ओढलं. ‘तुमच्या सिंगापुरात घरात डासाची अळी सापडली की दंड करतात म्हणे. इथंही तेच पाहिजे. त्याशिवाय लोक सुधरायचे नाहीत.’

मी इथे श्वसनाच्या आणि डासांतून पसरणाऱ्या विषाणूंच्या साथींचा अभ्यास करतो. कोण, कुठे, कधी आजारी पडलं हे मोजत बसतो. (नातेवाइकांना हे काम पटत नाही. ‘ते राहू दे, प्लेटलेट वाढायला कीवी बरं की पपईचा पाला, तेवढं सांग.’)

दंडाचं खरं आहे. तपासनीस घरात येतात, कुंडीखालची ताटली उचलून बघतात. परिसरात डेंग्यूचे दहा रुग्ण झाले की लाल फलक लागतो. २०१६ पासून तर वोल्बाकिया नावाचा जिवाणू असलेले नर डास मुद्दाम सोडतात. नर चावत नाही आणि त्याच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुटत नाहीत.

एवढं करूनही २०२० साली याच शहरात डेंग्यूचे ३५ हजारांवर रुग्ण झाले. तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी कोरोनामुळे सगळे मास्क लावून घरात बसलेले. फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला, आणि डेंग्यू मात्र चढत गेला. फ्लू माणसाकडून माणसाकडे जातो, दार लावलं की अडतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातच राहतो, दिवसा चावतो. आपणच दिवसभर त्याच्याकडे मुक्कामाला गेलो. त्यात विषाणूचा प्रकार बदलला, आणि नव्या प्रकाराविरुद्ध फार थोड्यांच्या अंगात प्रतिकारशक्ती होती. चोवीस तास नळ असलेल्या शहराची ही गत.

आता आमचं गाव. तापी उशाला, आणि नळ आठ-दहा दिवसांनी. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये घरी गेलो तेव्हा फुईच्या (आत्याच्या) मोरीतल्या ड्रमवर टिचकी मारली. अळ्या सर्रकन तळाला गेल्या. भिंतीवर ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ रंगवलेलंच होतं. मी शहाणा, अख्खा ड्रम गटारात ओतला. फुई शेतातून आली, रिकाम्या ड्रमात डोकावली आणि म्हणाली, ‘नळ येवाले अजून चार दिन शेत, माहीत शे का तुले?’ ते चार दिवस मी मोटारसायकलवर कॅन बांधून विहिरीवरून पाणी आणलं. आपल्या जूनमधलं ऊन कसं असतं ते सांगायला नको.

तेव्हापासून दंडाची भाषा माझ्या तोंडी येत नाही. खानदेशच्या उष्म्यात अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. नळाचं अंतरही तेवढंच. सातव्या दिवशी ड्रम उपडा करा, हे ज्याला आठव्या दिवशी पाण्याची खात्री आहे त्याला सांगावं. ज्याच्याकडे पाणी साठवण्यावाचून इलाज नाही त्याला साठवल्याबद्दल पावती फाडणार?

धुराबद्दल काय बोलायचं! त्या घटकेला उडत असलेले डास मरतात, अळ्या सुखरूप राहतात. शिवाय मशीनचा आवाज आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो, आणि एडिस बसलेला असतो आत, कपाटामागे.

घरातही करण्यासारखं आहेच, आणि त्यात कूलर पहिला. पाऊस पडला की तो बंद होतो, पण खिडकीत तसाच राहतो, तळाला वीतभर पाणी घेऊन. नुसता रिकामा करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून कडा घासाव्या लागतात. फुई आता ड्रमवर जुनी सुती साडी दुहेरी करून सुतळीने घट्ट आवळते. प्लॅस्टिकच्या वाकड्या झाकणापेक्षा ती बरी.

पण वॉर्डात मागायचंच तर मशीनआधी नळाचं अंतर मागा. दहाचे चार दिवस झाले तर ड्रम डास उडायच्या आत रिकामा होऊन घासला जाईल. भावाला तेच लिहिलं: व्हिडिओ राहू दे, नळ आला की तारीख टाक. तो चिडला, पण टाकतोय. जुलैच्या आतापर्यंतच्या तारखा: २, ११, १९, २८.