टिफनीचा शिक्का दिसला म्हणजे दिवा अस्सल? नाही हो

सगळ्या ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरतोय बघा, की जुना रंगीत काचांचा लटकता दिवा दिसला तर तो टिफनीचाच, म्हणजे न्यूयॉर्कचा काच-कलाकार लुई कम्फर्ट टिफनी, त्याने स्वतःच्या हाताने बनवलेला, काचांवर रंग दिलेला, शिक्का असला की डोळे झाकून घ्या आणि काळा पडला असेल तर चिंच लावून घासा. अमेरिकेतले आपले लोक इस्टेट सेलला, म्हणजे कुणाच्या घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला, जाताना हेच एकमेकांना पाठवतायत, म्हणून लिहितेय, कारण यातलं जवळपास सगळं चूक आहे.

आधी टिफनीचाच का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कनेक्टिकटमधल्या मेरिडनची हँडेल कंपनी पण असे दिवे करत होती, न्यूयॉर्कचे डफनर अँड किम्बर्ली होते, आणि आर्ट्स अँड क्राफ्ट्सचा, म्हणजे साध्या हस्तकलेचा आग्रह धरणाऱ्या चळवळीचा, साधेपणा बघायचा तर गुस्ताव स्टिकलीचे कंदील बघा, हातोडीने ठोकलेलं तांबं, आत मधाच्या रंगाची काच, फुलंपानं काही नाही. मला तेच जास्त आवडतात.

"स्वतःच्या हाताने" वाचून तर खरंच राग येतो. टिफनी स्टुडिओत काच निवडायला आणि कापायला बायकांचा वेगळा विभाग होता, १८९२ पासून त्याची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल. विस्टेरियाच्या म्हणजे लोंबत्या फुलांच्या वेलीच्या दिव्याचं डिझाइन तिचं, ड्रॅगनफ्लायचं म्हणजे चतुराचं पण तिचं. तिने घरच्यांना लिहिलेली पत्रं सापडली आणि २००७ मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने प्रदर्शन भरवलं तेव्हा कुठे लोकांना कळलं! लग्न केलं की या बायकांना नोकरी सोडावी लागायची, आणि शिक्क्यावर नाव मालकाचं.

रंगाचं म्हणाल तर तो काच वितळवतानाच तिच्यात मिसळलेला असतो. अख्खी काच उजेडासमोर धरायची, पाकळीचा साचा तिच्यावर सरकवत राहायचं, गुलाबी जिथे फिकट होत पांढऱ्यात जातो नेमका तेवढाच तुकडा कापायचा, कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची, मग लाकडी साच्यावर सगळे तुकडे मांडून डाग देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, जोडायचे. एका विस्टेरियात असे साधारण २००० तुकडे! हँडेलने आतून रंगवलेल्या शेड्स, म्हणजे दिव्यावरच्या टोप्या, केल्या हे खरंय, पण त्या अखंड काचेच्या, तुकडे जोडलेल्या नाहीत.

राहिला शिक्का. तो खोटा मारता येतो आणि मारलेला सापडतोही, त्यामुळे शिक्का सगळ्यात शेवटी बघा. आधी दिवा बंद असताना आणि लावल्यावर काच कशी बदलते ते बघा, नकलेत बहुतेकदा पाकळीभर एकच सपाट रंग असतो.

आणि प्लीज ती चिंच लावू नका. धातूवरचा तो काळपट-हिरवट थर मळ नाहीये, पुष्कळ दिव्यांना तो मुद्दाम रसायन लावून आणलेला असतो, एकदा घासून गेला की गेला आणि किंमत पण पडते, वर तुकडे जोडणाऱ्या त्या डागात शिसं असतं, त्याची पूड हाताला लागणार ते वेगळंच. सुका मऊ कपडा हलक्या हाताने फिरवा, बास.