दार उघडायचं नाही

आमच्या लेकीने पुण्यात कुठल्याशा कॅफेत चीजकेक खाल्ला, एकच तुकडा, माझ्या चार बोटांएवढा, साडेतीनशे रुपयांचा, आणि मला त्याचा फोटो पाठवून खाली लिहिलं की आई, हे तुला सहज जमेल. या 'सहज जमेल'च्या नादी लागून मी याआधी क्रोशाचे अडीच रुमाल विणलेत, तरी परत हो म्हणलं. तिचा वाढदिवस महिन्याने होता आणि आम्ही राहतो साताऱ्यात, जिथे गोड म्हणजे कंदी पेढा आणि चीज म्हणजे डब्यातला चौकोनी तुकडा. पण जानेवारी होता, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दारावर येत होती, मला वाटलं अर्धं काम तर झालंच की.

पहिल्या वेळी मी क्रीम चीज आणलंच नाही. एका डब्याची किंमत बघितली, रेसिपीत तसे चार डबे म्हणजे जवळजवळ ९०० ग्रॅम लिहिलेले, मनातल्या मनात गुणाकार केला आणि फोन पालथा ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं चक्का टांग की, तेच ते." रात्रभर नळाला दही टांगलं, सकाळी त्यात साखर आणि अंडी घालून ओव्हनला लावलं आणि तासाभराने जे बाहेर आलं ते म्हणजे ताप आलेलं श्रीखंड, आंबट, रवाळ आणि कडेने पाणी सुटलेलं. मग वाचत बसले. अमेरिकेत क्रीम चीज असं नाव लावायचं तर त्यात कमीत कमी ३३ टक्के फॅट लागतं असा कायदाच आहे म्हणे, आपला चक्का बिचारा त्याच्या जवळपासही जात नाही. सगळ्यांना माहीत असलेला तो फिलाडेल्फिया ब्रँड आहे ना, तो मुळात फिलाडेल्फियातला नाहीच. १८७२ च्या सुमाराला न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाच्या माणसाने हे चीज करायला घेतलं, आणि १८८० मध्ये त्याला फिलाडेल्फिया नाव दिलं ते का, तर तिकडच्या दुधातुपाचं नाव मोठं होतं. म्हणजे भलतीकडे पेढे करून वर 'साताऱ्याचे' लिहितात, तशातलाच प्रकार. हे वाचल्यावर मला त्या चीजबद्दल एकदम आपलेपणा वाटायला लागला आणि मी भाच्याला फोन लावला.

भाचा पुण्याहून लाल एसटीने थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन आला. कंडक्टरने विचारलं काय रे त्यात, मासे का, तर हा म्हणाला चीज, तर कंडक्टर म्हणाला मग एवढं काय सांभाळतोस. खरंय.

खाली बिस्किटाचा थर असतो. तिकडे त्याला ग्रॅहम क्रॅकर वापरतात, आणि हा ग्रॅहम कोण, तर एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन पाद्री, सिल्व्हेस्टर ग्रॅहम, ज्याचं म्हणणं की मसालेदार, चमचमीत खाल्लं की माणसाच्या वासना चाळवतात, म्हणून कोंड्यासकट दळलेल्या पिठाचं बेचव खा, मांस नको, दारू नको. आज त्याच्याच नावाच्या बिस्किटांचा चुरा करून त्यात वितळलेलं लोणी ओततात आणि वर किलोभर चीज थापतात, वरून बघत असेल तर काय वाटत असेल त्याला. मी आपली डायजेस्टिव्ह बिस्किटं घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने कुटली आणि वाटीच्या बुडाने डब्यात दाबून बसवली. हा एवढा एकच टप्पा मला कायम पहिल्या झटक्यात जमलाय.

दुसरा प्रयत्न सगळा नियमाने केला, निदान मला तरी तसं वाटलं. डबा नऊ इंची, ज्याची कडी उघडली की गोल कड सुटून येते तो. अशा डब्याला बुडाशी फट असतेच, आणि चीजकेक बेक करायचा गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून, आपण ढोकळ्याला खाली पाणी ठेवतो त्याच हिशोबाने, की पाणी काही शंभर डिग्रीच्या वर जात नाही, मग कडाही एकदम तापत नाहीत. मी बाहेरून फॉइल गुंडाळली होती, पण एकच पदर, आणि तोही कुठेतरी माझ्या नखाने फाटला असणार. पाणी आत गेलं. माझ्या त्या एकमेव यशस्वी थराचा चहात बुडवून विसरलेला मारी झाला.

पण खरी वाट लागली ती पाण्याने नाही, आमच्या घराने लावली. आमच्याकडे पदार्थ शिजतोय म्हणजे त्याला दर पाच मिनिटांनी कोणीतरी भेटून आलंच पाहिजे. बासुंदी करायची तर मी दीड तास उलथनं सोडत नाही, पुरणाला घाट्याशिवाय गत नाही, आमटीलासुद्धा जाता येता पळीने हलवून विचारपूस होते. ढवळणं म्हणजे काम, उभं राहून नुसतं बघणं म्हणजे आळस, हे मला माहेरी शिकवलं आणि सासरी पक्कं केलं. आणि हा चीजकेक म्हणतो मला हात लावू नका! अंडी घातल्यावर फेटू नका, हवा शिरली की आधी फुगतो मग खचतो. ओव्हनचं दार उघडू नका, वाफ जाते. सुरी खुपसून बघू नका. झाला की लगेच बाहेर काढू नका. बाहेर काढलात तरी कापू नका, रात्रभर फ्रीजमध्ये राहू दे. एवढ्या नकारघंटा तर आमच्या गावाकडच्या सोवळ्यातल्या आत्याच्या स्वयंपाकघरातसुद्धा नव्हत्या.

नवऱ्याने दार पाच वेळा उघडलं, मोजून. "बघतो फक्त," म्हणाला. सासूबाईंनी एकदा उघडलं, कारण करपल्याचा वास आला, जो शेजारच्यांच्या फोडणीचा होता. आणि मी सुरी खुपसली, इडलीला खुपसते तशी, आणि ती ओली आली म्हणून अजून वीस मिनिटं ठेवला, परत खुपसली, कोरडी आली, आनंदाने बाहेर काढून पंख्याखाली ठेवला. दहा मिनिटांत वरच्या अंगाला आधी एक बारीक रेघ, मग तिला फाटा, मग फाट्याला फाटा. लेकीला फोटो पाठवला तर तिचं उत्तर आलं, "आई, माण-खटावच्या दुष्काळाचा फोटो का पाठवलायस?"

कारण साधं होतं, ते मी नंतर समजून घेतलं. केक म्हणतात खरं पण हा केक नाहीच, हा अंड्याने धरलेला खरवस आहे. जास्त शिजला की अंडं आकसतं, कडा डब्याला चिकटून बसलेल्या असतात त्या काही सुटत नाहीत, मग फाटणार कुठे तर मधे. म्हणून तो मधोमध थोडा थरथरत असतानाच ओव्हन बंद करायचा, ताटलीतल्या खरवसाला धक्का लागल्यावर हलतो ना तसा, आणि आतल्या आत निवू द्यायचा. बाकीचा तो आपला आपण शिजतो.

तर तिसरा प्रयत्न. लेक शुक्रवारी सकाळी येणार, म्हणजे गुरुवारी करणं भाग. इथे सासूबाई आडव्या आल्या. गुरुवारी अंडं घरात फुटणार? बरीच बोलणी होऊन तह असा झाला की अंडी मी गॅलरीत फोडायची, त्यांच्या कढईला काही लावायचं नाही आणि त्या त्यातलं काही खाणार नाहीत. नवरा म्हणाला, "आई, रात्री बारानंतर शुक्रवारच की, तेव्हा खा." त्यावर त्यांनी त्याला असं बघितलं की तो आठ वर्षांचा झाला. "आपला वार सूर्योदयाला बदलतो. रात्री बाराला साहेबाचा बदलतो." संपलं.

चार अंडी गॅलरीत फोडली. त्याआधी तासभर चीज उन्हात ठेवलं, कारण साताऱ्याच्या थंडीत ते काही मऊ होईना आणि गार चीज फेटलं की गुठळ्या राहतात, ज्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. साखर सव्वा कप, व्हॅनिला, आणि चक्क्याचा मान राखायचा म्हणून अर्धी वाटी चक्का, आंबटपणाला. अंडी शेवटी, एकेक, मिक्सर सगळ्यात हळू. फॉइलचे तीन पदर, आधी नखं कापून. ओव्हन १६० वर. आणि ओव्हनच्या दाराला मी कागद चिकटवला, मार्करने लिहिलेला, दार उघडायचं नाही. खाली सासूबाईंसाठी अजून एक ओळ, वास आला तरी.

पन्नास मिनिटं घर दम धरून बसलं होतं. पन्नासाव्या मिनिटाला लाईट गेली.

मी जे काही बोलले ते इथे लिहीत नाही, गुरुवार होता. नवऱ्याचा हात लगेच दाराकडे गेला, मी तो हात धरला. ओव्हनचं बटण बंद केलं, नाहीतर लाईट आली की परत तापायला लागेल, आणि आम्ही तिघं मेणबत्ती लावून त्या बंद डब्याकडे तोंड करून बसलो. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, तुमची पण गेली का विचारायला. काय चाललंय ते ऐकून त्यांनी मोबाईलचा टॉर्च काचेवर मारला, आम्ही ओव्हन हळूच हलवला, मधला भाग थरथरला. काकू म्हणाल्या, "कच्चंय गं मधे. दोन शिट्ट्या कमी पडल्या."

आता यात काकूंची चूक नाही. कार्थेज बेचिराख केलंच पाहिजे म्हणून सगळ्या रोमच्या मागे लागलेला जो कॅटो, त्याने इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात चीज, पीठ, मध आणि अंडं मातीच्या भांड्यात भाजायची कृती आहे आणि त्यात त्याने बजावलंय की मधे नीट शिजलंय ना बघा, तिथे जाडी जास्त असते. वरून मध आणि खसखस घालायला सांगतो. मी हे अंधारात सगळ्यांना सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "खसखस घालतो म्हणजे माणूस समजूतदार होता," आणि काकू म्हणाल्या, "मग? मी काय वेगळं सांगितलं?"

लाईट दीड तासाने आली. तोवर आतला तो पाण्याचा ट्रे, ती साठलेली ऊब, आणि अंधारात कोणालाच काही सुचत नसल्यामुळे उघडलं न गेलेलं दार, यांनी मिळून रेसिपीतलं ते आतल्या आत निवू द्या वालं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. कागद काढला, दार उघडलं. वर एक रेघ नाही. सपाट, फिकट पिवळा, कडेला किंचित बदामी. लाईट गेल्याबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाचे तरी आभार मानले. वरून ताटली झाकून फ्रीजमध्ये ठेवला, बाजूचा अर्धा चिरलेला कांदा आणि लसणीची चटणी बाहेर काढली, आणि सगळ्यांना सांगितलं, सकाळपर्यंत कोणी फ्रीजला हात लावायचा नाही. दुधालासुद्धा नाही.

मला काही झोप लागेना. जमला का, आत गुठळ्या तर नाहीत, बुडाला पाणी तर नाही ना. शेवटी म्हणलं नुसतं बघून येऊ, कापायचा थोडाच आहे.

स्वयंपाकघरात उजेड होता, फ्रीजचा. समोर सासूबाई, शाल गुंडाळलेली, एका हातात ताटली, दुसऱ्यात चमचा. केकच्या कडेला पोह्याच्या चमच्याएवढा एक व्यवस्थित खड्डा.

"आई, गुरुवार..."

त्यांनी चमचा तोंडातून काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे दाखवला आणि शांतपणे म्हणाल्या, "साडेबारा वाजलेत गं. शुक्रवार लागला."