हलकी आहे, पण किती हलकी?
'चेनसॉ जितकी हलकी तितकी चांगली' हे चेनसॉवरच्या (म्हणजे लाकूड कापायच्या यांत्रिक करवतीवरच्या) लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आम्ही बडोद्याचे, मे २०२१ च्या तौक्ते वादळात दारचा गुलमोहर आडवा झाला तेव्हा शेजारच्या काकांची बॅटरीवाली छोटी सॉ आणली, एकदम हलकी पण बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, जेमतेम ६ इंच, बारक्या फांद्या फटाफट उतरल्या आणि मांडीएवढी फांदी आली की चेन लाकडातच अडकून बसायची, मग काय, कुऱ्हाड! या कामाला १२-१४ इंची बार बरा, आणि वजन बघायचं ते बॅटरी लावून, दुकानात रिकामीच हातात देतात. बारचं टोक लाकडाला लागलं की सॉ उसळून अंगावर येते त्या किकबॅकबद्दल लेखात एक ओळही नाही, कमाल आहे.