दगड कसला आहे?

लग्न ठरवतानाही मी एवढी चौकशी केली नव्हती, असं बायकोचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढता येत नाही. तिच्या बाबतीत आमच्या आईने दोन ठिकाणी फोन केले आणि विषय संपला. सायकलच्या दोन टायरांसाठी मात्र मी सतरा-अठरा जणांना पिडलं, तीन रात्री जागलो आणि हिमाचलातल्या काझाला एसटीडी कॉल केला. (एसटीडी आता नसतो हे मला माहीत आहे. पण फोन लागायला जेवढा वेळ लागला त्यावरून तो एसटीडीच असावा.)

झालं असं की आमच्या रविवारच्या कंपूने स्पितीला, म्हणजे त्याच काझाच्या खोऱ्यात, सायकली घेऊन जायचं ठरवलं. कंपू म्हणजे सहा जण, वय पंचेचाळीसच्या पुढे, दर रविवारी वेताळ टेकडीवर सायकली दामटायच्या आणि खाली उतरून जेवढ्या कॅलरी जाळल्या त्याच्या दुप्पट मिसळीतून परत मिळवायच्या. कुणीतरी ग्रुपवर तिथल्या लांग्झा गावाच्या वाटेचा फोटो टाकला. मागे बर्फाचं शिखर, पुढे दगडांचा खच. सगळ्यांनी शिखराला बदाम दिले. मी बोटांनी फोटो मोठा करून दगड बघत बसलो. दगड मुठीएवढे आहेत की डोक्याएवढे, हे काही केल्या कळेना. शेजारी मापाला निदान एखादी बकरी तरी उभी करायची.

माझ्या सायकलचे टायर कंपनीतून आले तेच होते, सहा वर्षांचे. मधली नक्षी खोडरबरासारखी झिजलेली आणि बाजूंना टाचांना पडतात तशा भेगा. हे टायर घेऊन हिमालयात जाणं म्हणजे स्लीपर घालून लिंगाण्यावर जाणं. तेव्हा नवे घ्यायचे हे नक्की झालं. कुठले, हे ठरवता ठरवता जुलै संपला.

पहिला सल्ला चौकातल्या पंक्चरवाल्याचा. त्याने घमेल्यातून मान वर न काढता सांगितलं, "लुधियानाचा टाका साहेब. जाड, दणकट. खिळा आत शिरायच्या आधी दहा वेळा विचार करंल." मेट्रोचं काम निघाल्यापासून त्याचं सगळं विश्व खिळ्यांनी भरलेलं आहे. बंगळुरूचा भाचा म्हणाला, मऊ रबराचा घे, हवा कमी ठेव, ग्रॅनाइटला पालीसारखा चिकटेल. तो रामनगरच्या खडकांवर चालवतो. फिनिक्सचा मेहुणा म्हणाला की ट्यूबलेसशिवाय घराबाहेर पडूच नकोस, काटे! त्याच्याकडे निवडुंग तर आहेतच, शिवाय सराटेही आहेत. आपल्या गावाकडचा सराटा अ‍ॅरिझोनात पोहोचला आणि स्थिरावला हे ऐकून मला उगाच अभिमान वाटला.

हळूहळू लक्षात आलं की प्रत्येक जण मला स्वतःच्या दुखण्याचं औषध देतोय. आणि शेवटी प्रत्येकाचा एकच प्रश्न, "पण तिथला दगड कसला आहे?"

आता हे मला काय माहीत? फ्लॅट घेताना खाली मुरूम आहे की काळी माती, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. मला एकच दगड कळतो, आपला काळा बेसाल्ट. उन्हाळ्यात त्यावर टायर छान धरतो आणि पावसात शेवाळ धरलं की तोच कातळ मागचे सगळे हिशेब चुकते करतो. स्पितीत आपल्यासारखा बेसाल्ट नाही. तिथे टेथिस नावाच्या जुन्या समुद्राचा तळ वर आलाय, लांग्झाच्या शिवारात शंखासारख्या गुंडाळलेल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. वाचून मी हरखलो. पण समुद्राच्या तळाला नक्षी कुठली लागते, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून शेवटी आम्ही उतरणार होतो त्या काझाच्या घरमालकालाच फोन लावला.

"भाईसाब, वहाँ पत्थर कैसा है?"

पलीकडे बराच वेळ वाऱ्याचा आवाज. मग, "पत्थर? बहुत है साब."

मग आकड्यांचा घोळ. माझी सायकल साडेसत्तावीस इंची चाकाची. मी टेप घेऊन रिम मोजली तर कुठेच साडेसत्तावीस येईना. टायरवर बारीक अक्षरांत 54-584 असं काहीतरी होतं. ते वाचायला चष्मा, मोबाइलचा टॉर्च आणि मुलगी, तिन्ही लागले. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा टायर रिमवर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. 584 मिलिमीटर म्हणजे तेवीस इंच! साडेसत्तावीस हे टायर घालून, हवा भरून, बाहेरून मोजलं तर अंदाजे येतं. म्हणजे शर्टाचं माप पोटावरून न घेता, जेवल्यावर पोटाच्या पुढे धरलेल्या ताटावरून घेण्यासारखं. सव्वीस इंचीचा आकडा 559, एकोणतीस इंचीचा 622. हा दुसरा आकडा म्हणजे गोत्र. बाकी सगळं जुळवून घेता येतं, इथे तडजोड नाही.

रुंदीत मात्र मोहाला जागा आहे. माझे जुने 2.1 इंची होते. दगडांसाठी रुंद बरा, कारण हवा कमी ठेवता येते, टायर दगडाला कवटाळतो आणि रिमही आपटत नाही. मला 2.4 हवा होता. 2.6 बघितला तेव्हा तर तो हवासा वाटलाच, पण तो मागच्या दांड्यांच्या बेचक्यात शिरलाच नसता. 2.4 शिरेल का? दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे हवेत, नाहीतर चिखल अडकतो आणि दांडी घासते. मी फटीत लायब्ररीचं कार्ड, मग दोन कार्डं, मग दुमडलेलं लाइट बिल घालून बघितलं. लाइट बिल बसलं. यावरून मी 2.4 ठरवला आणि त्या बिलाची तारीख उलटून गेली.

नावांनी तर घरात संशयाचं वातावरण तयार केलं. एका जर्मन कंपनीच्या टायरांची नावं आहेत नॉबी निक, रेसिंग राल्फ, हान्स डाम्फ, मॅजिक मेरी. पुढे जास्त पकडीचा टायर आणि मागे सुसाट पळणारा, असा सर्वसाधारण रिवाज आहे. त्यामुळे आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला "मेरी पुढे घे, राल्फ मागे चालेल", "मेरी जड आहे पण उतारावर सोडत नाही" असले मेसेज येऊ लागले. बायकोने फोन हातात घेऊन शांतपणे विचारलं, "ही मेरी कोण?" मी टायरचा फोटो दाखवला. तिने तो नीट पाहिला आणि किंमत विचारली. फोटो दाखवायला नको होता. एक टायर साडेचार हजारांचा, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "साडेचार हजारांना जोडी."

टायर आले आणि मेहुण्याच्या नादाने मी ते ट्यूबलेस करायला घेतले. ट्यूबलेस म्हणजे आत ट्यूब नाही, त्याऐवजी रबराचा पांढरा चीक. काटा लागला की तो चीक भोकापाशी येऊन गोठतो. कल्पना सुंदर आहे. पण आधी टायरची कड रिमवर ठाकून बसायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो. माझ्या हातपंपाने झोत येईना, फक्त घाम येई. टायर बसवताना दोन चमचे वाकले (आमच्या लग्नातल्या आहेराच्या सेटमधले, त्यामुळे विषय परत लग्नावर गेला). चिकाने बाल्कनीतल्या तुळशीसकट सगळ्यांना प्रोक्षण केलं. आणि इतकं होऊन टायरवरचा बाण उलट्या दिशेला आहे, हे मुलीने चहा पिता पिता सांगितलं.

शेवटी चाक खांद्यावर घेऊन पेट्रोल पंपावर गेलो. हवेच्या नळीशी बसलेल्या पोराने विचारलं, "किती पाउंड?"

"पंचवीस."

"पंचवीस?" त्याने चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, विशेषतः पोटाकडे. "रिक्षालापण ह्याच्यापेक्षा जास्त भरत्यात."

मी त्याला आधी झोत आणि मग हवा कमी, हे समजावून सांगितलं. सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला लावायची पितळी टोपी खिशातून काढून दिली. त्याने नळी दाबली आणि कड जागेवर बसताना दोनदा असा काही आवाज झाला की पलीकडच्या रांगेतल्या आजोबांनी स्कूटर सोडून दिली. पोरगा खूश. म्हणाला, "दुसरं चाक कधी आणताय?"

खालच्या मजल्यावरच्या काकांनी मग नवी भीती घातली की विमानात हवा विरळ, टायर फुटणार. सुदैवाने आमच्यात एक निवृत्त फिजिक्सचे सर आहेत. ते म्हणाले, बाहेर पूर्ण निर्वात पोकळी असली तरी टायरातला दाब मोजताना पंधराएक पाउंडच वाढलेला दिसेल. विमानाच्या पोटात तर हवा राखलेली असते. पुणे ते काझा, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरच्या वर, फरक फार तर चार-पाच पाउंडांचा. आणि थंडीने त्यातला थोडा परत जाईल. काकांना हे पटलं नाही. ते आजही आमच्या टायरांची चौकशी वाचलेल्या माणसाची करावी तशी करतात.

सप्टेंबरात निघालो. चंदीगडपर्यंत विमान, पुढे मनालीहून जीप, टपावर सहा सायकली. वाटेतला ग्रांफू ते बातल हा टप्पा अतिशय खडकाळ आहे असं सगळ्यांनी सांगितल्यामुळे तो जीपने करायचा आणि सायकलिंग काझापासून सुरू करायचं, असं आम्ही शहाणपणाने ठरवलं होतं. तो खरोखरच खडकाळ होता. रस्ता कुठे संपतो आणि नाल्याचं पात्र कुठे सुरू होतं, याचा पत्ता नाही. खाली चंद्रा नदी, वर दरडी. आणि बातलच्या अलीकडे जीप बसली.

ड्रायव्हर उतरला. पंक्चर झालेला टायर काढून त्याने बाजूला टाकला तेव्हा मी पाहिला. त्यावर नक्षी नव्हतीच. गुळगुळीत, चकचकीत, मधे मधे आतली तार डोकावतेय. स्टेपनी आणली, तीही त्याच वंशातली. दहा मिनिटांत त्याने ती चढवली, हात पुसले, विडी पेटवली आणि टपावरच्या माझ्या मागच्या चाकाशी हात नेऊन टायरची एकेक गुठळी अंगठ्याने दाबून पाहिली.

"बढ़िया टायर है साब. ट्रॅक्टर का बच्चा." मग, "कितने का है?"

बायको हजारेक मैलांवर होती, तरी मी म्हणालो, "साडेचार हजार. जोडी."

बाकी पाचही जणांनी नदीकडे पाहिलं.

त्याने मान डोलावली, विडीचा झुरका घेतला, पुढच्या रस्त्याकडे पाहिलं, स्वतःच्या चार टकल्या टायरांकडे पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "तो साब, साइकिल ऊपर क्यों रखी है?"