पुठ्ठ्याची खाट आणि जमिनीखालची टाकी

पर्यावरण जपू म्हणणाऱ्या २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं काय आठवतं, असं परवा जेवताना सहज विचारलं. मुलगा म्हणाला, पुठ्ठ्याच्या खाटा. बायको म्हणाली, खोल्यांत एसी नव्हते ते. मी म्हटलं, मला टाकी आठवते. दोघंही हसले.

खाटांवर खेळाडूंनी उड्या मारून व्हिडिओ टाकले म्हणून त्या गाजल्या. (तशा त्या टोकियोतही होत्या.) एसीचं विचारूच नका. जमिनीखालून गार पाणी फिरवून खोल्या थंड ठेवायच्या असं ठरलं होतं. मग एकेका देशाने आपापले एसी आणवले; आपल्या सरकारनेही ४० पाठवले. खरं सांगतो, मला तेव्हा बरंच वाटलं. चार वर्षं मैदानात घाम गाळलेल्या पोरांनी पर्यावरणासाठी रात्रीही का गाळायचा?

आता टाकी. पॅरिसच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं. मोठा पाऊस आला की गटार भरतं आणि सगळी घाण सेन नदीत. म्हणून ओस्टर्लित्झ स्टेशनजवळ ५० मीटर रुंद, ३० मीटर खोल टाकी खणली. पावसात पाणी तिच्यात साठवायचं, ओसरला की सावकाश शुद्धीकरणाला सोडायचं. मावतं ५ कोटी लिटर. पुण्यातल्या सोसायटीवाल्यांच्या हिशेबात सांगायचं तर दहा हजार लिटरचे ५ हजार टँकर! नदी साफ करायचा एकूण खर्च १४० कोटी युरो.

आणि नेमका उद्घाटनालाच धो धो पाऊस. नदी पुन्हा घाण झाली आणि पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल, धावणं; त्यातलं पोहणं सेनमध्ये होतं) ३० जुलैची ३१ वर गेली. पैसे पाण्यात गेले म्हणून जगाने टिंगल केली, मीही एक मीम पुढे ढकललं होतं. पण जुलै २०२५ मध्ये तीन ठिकाणी साधी माणसं टॉवेल घेऊन सेनमध्ये पोहायला उतरली. १९२३ पासून तिथे बंदी होती. मुठेच्या पुलावर नाकाला रुमाल लावणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल ते सांगत नाही.

याउलट फुटबॉलची जागतिक संघटना फिफा. कतारचा २०२२ चा फुटबॉल विश्वचषक म्हणे कार्बन न्यूट्रल, म्हणजे जितका कार्बन हवेत सोडला तितका भरून काढलेला! त्यांच्याच अंदाजाने ३६ लाख टन उत्सर्जन, त्यातलं निम्म्याहून जास्त प्रवासाचं. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात-तक्रार मंडळाने हा दावा सिद्ध होत नाही, असं ठणकावलं. शहाणपण आलं का? २०३० ची स्पर्धा तीन खंडांत, सहा देशांत. १९३० ची पहिली स्पर्धा उरुग्वेत झाली होती, तिची शंभरी म्हणून उरुग्वे, अर्जेंटिना, पॅराग्वेत एकेक सामना. मग त्या संघांनी अटलांटिक ओलांडून स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोकडे यायचं. पाठोपाठ झेंडे घेतलेले प्रेक्षक.

त्या विमानांत चमचे मात्र लाकडी असतील, बघा.