पिसं उपटणारा पक्षी नाटकं करत नसतो

‘पोपट पाळणाऱ्यांसाठी सात सोनेरी नियम’ असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. खाली फक्त ‘अनुभवी पक्षितज्ज्ञ’ असं लिहिलंय, ना नाव ना गाव. परवा तो माझ्या सांगलीच्या मावशीकडे पोचला आणि तिने त्यातला चौथा नियम लगेच अमलातही आणला. भर दुपारी तिच्या कॉकाटीलच्या, म्हणजे तुरेवाल्या छोट्या पोपटाच्या, पिंजऱ्यावर जाड काळी चादर टाकलेली मला व्हिडिओ कॉलवर दिसली. म्हणून आधी त्या चौथ्या नियमाबद्दलच लिहिते.

नियम असा: ‘पक्षी स्वतःची पिसं उपटत असेल तर ती नाटकं असतात. तीन दिवस पिंजरा झाकून ठेवा, लक्ष देऊ नका. त्याच जातीचे बाकीचे पक्षी मजेत असतात, म्हणजे दोष पिंजऱ्याचा नसून त्याच्या स्वभावाचा आहे.’

मावशीला चादर काढायला लावली. आत पक्षी दांडीच्या टोकाला अंग चोरून बसलेला, तुरा डोक्याला चपटा चिकटलेला. छातीवर रुपयाएवढी गुलाबी कातडी उघडी पडलेली आणि खालच्या ट्रेमध्ये राळ्याच्या टरफलांत करडी लव. याला नाटक म्हणणाऱ्याने पक्षी कधी जवळून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

स्वभावाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करते. एकाच जातीचे, एकसारख्या पिंजऱ्यातले दोन पक्षी ताणाला सारखं तोंड देत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या व्हिक्टोरिया कसन आणि जॉय मेंच यांनी नेमकं हेच तपासलं. 2015 मध्ये ‘प्लॉस वन’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेला त्यांचा अभ्यास ऑरेंज-विंग्ड अमेझॉन पोपटांवरचा आहे. चोचीला आणि डोक्याला काम देणाऱ्या वस्तूंमध्ये वाढलेले हे पक्षी, प्रत्येकाचा स्वभाव आधीच नोंदलेला. मग त्या वस्तू काढून घेतल्या आणि काही काळाने परत दिल्या. पिसं उपटण्याचा संबंध घाबरट, चिंताखोर स्वभावाशी दिसला. जे मोकळ्या, मिसळणाऱ्या स्वभावाचे होते त्यांच्यात एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहण्याचा चाळा कमी लागला आणि वस्तू परत दिल्यावरही तो कमीच राहिला.

आता हे नीट वाचा. अभ्यासात बदललं काय? स्वभाव नव्हे, पिंजरा. पिंजरा ओका झाला तेव्हा कोणाचं किती बिघडेल आणि कसं बिघडेल, हे स्वभावावर ठरलं. म्हणजे घाबरट पक्ष्याला जास्त जपायचं असतं. फॉरवर्डवाला त्याच स्वभावाचं कारण देऊन त्याच्याकडे उरलंसुरलं तेही काढून घ्यायला सांगतोय. चादर टाकली की उजेड गेला, माणसं दिसेनाशी झाली, करायला काही उरलं नाही. अंधारात पक्षी धड खातही नाहीत आणि एवढ्याशा जिवाला उपासमार झेपत नाही. त्यात कॉकाटील अंधारात दचकून पिंजऱ्याच्या गजांवर आपटतात, पंख रक्तबंबाळ करून घेतात. पाळणारे याला ‘नाइट फ्राइट’ म्हणतात आणि त्यासाठी रात्री मंद दिवा ठेवतात. रात्री झोपेसाठी पातळ कापड टाकणं वेगळं. तीन दिवसांचा अंधार ही शिक्षा आहे, आणि ती कशाबद्दल हे पक्ष्याला कळणारही नाही.

शिवाय पिसं उपटण्यामागे दरवेळी मनाचाच ताण असतो असंही नाही. त्वचेचा संसर्ग, यकृताचा आजार, पिंजऱ्याच्या जस्ताच्या मुलाम्यातून होणारी विषबाधा, काहीही असू शकतं. त्यामुळे आधी पक्ष्यांचे आजार बघणारा डॉक्टर. मावशी उद्या जातेय.

दुसरा नियम: ‘पक्षी गप्प झाला म्हणजे रुळला.’ हाही घातकच आहे. नेदरलँड्समध्ये ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यांचे दोन वंश निवडून वाढवले आहेत: नव्या जागेत बेधडक फिरणारे आणि बिचकत, हळूहळू फिरणारे. 2012 च्या एका अभ्यासात दोघांनाही पकडून थोडा वेळ अडकवून ठेवलं आणि रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक मोजलं. ते हळू फिरणाऱ्या वंशात जास्त वाढलेलं दिसलं. बिचकणारा, गप्प पक्षी आतून शांत असतो हे त्यामुळे धरून चालता येत नाही. गोंगाट करणाऱ्याकडे निदान घरातल्यांचं लक्ष तरी जातं.

‘पिंजऱ्यातच जन्मलेल्याला ताण कसला?’ हा तिसरा. कसन-मेंच यांचे सगळे पक्षी बंदिवासातच जन्मलेले होते, एवढं उत्तर पुरे. ‘एकवीस दिवसांत कुठलाही पक्षी माणसाळतो’: वरचं सगळं वाचून झाल्यावर कुठलाही पक्षी हे शब्दच निरर्थक ठरतात. ‘आरसा लावा, जोडीदार लागत नाही’: आरशातला पक्षी मान खाजवून देत नाही. ‘बोलतो म्हणजे खूश असतो’: पोपट थव्यातला जीव आहे, थवा नसला की घरातल्यांचे आवाज उचलतो. त्यावरून खुशी मोजता येत नाही.

सातवा मात्र थेट गुन्हा करायला सांगतो: ‘आपल्याकडच्या रानातल्या पोपटाचं पिल्लू आणा, लवकर लळा लागतो.’ गळ्याला कंठ असलेला आपला हिरवा पोपट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं आणि घरात पाळणं, तिन्ही बेकायदा. बाजारात अशी पिल्लं विकताना कोणी दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आणि हा मेसेज ज्या ग्रुपवर आला असेल तिथेच हे उत्तरही टाका.